पंचेचाळीसच्या आत

आमच्या गल्लीत उन्हाळ्याची वर्दी कूलर देतात. एखाद्या रविवारी सगळ्या गच्च्यांवरून ते खाली उतरतात. त्यांच्या पत्र्याच्या पोटातून वर्षभराची धूळ, चिमणीचं मोडकं घरटं, कुणाचा तरी हरवलेला चेंडू असं काय काय बाहेर येतं. मग बाजारातून नवा वाळा येतो, त्यावर पहिलं पाणी पडतं, आणि दुपारपर्यंत टेकडीच्या पायथ्यापासून आमच्या दारापर्यंत सगळ्या देवासला एकच वास येऊ लागतो. ओल्या मुळांचा, थंड मातीचा वास.

मला हा वास लहानपणापासून फार आवडायचा. या वर्षी तो आला तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली. घरात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे का लावली असं विचारणारंही कोणी नव्हतं. खिडकीच्या काचेतून अंगणातल्या गळक्या पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गाडी दिसत होती. तिच्या टपावरचा चुना पावसाळ्यात ओघळला होता. तेव्हा मला गेला उन्हाळा सगळाच्या सगळा आठवला.

गाडी म्हणजे काय, तर मी घरी बनवलेली विजेची गाडी. ‘गाडी’ म्हणायचं हा माझा मोठेपणा. एका मोडीत निघालेल्या ई-रिक्षाचा सांगाडा, तिचीच मोटर, शाळेच्या जुन्या बसमधलं मागचं बाक आणि वर पत्र्याचा टप. जुन्या स्कूटरांच्या बॅटऱ्या फोडून त्यातले चांगले सेल मी एकेक तपासून वेगळे काढले आणि लोखंडी पेटीत बसवले. ती पेटी मागच्या बाकाखाली. चाळीस वर्षं मी इथल्या एका कारखान्यात जळलेल्या विजेच्या मोटरींना नवी तार गुंडाळून द्यायचं काम केलं. आमचे पूर्वज दरबाराबरोबर महाराष्ट्रातून इकडे आले ते घोड्यांना नाल ठोकायला, असं घरात सांगत. तेव्हापासून हत्यार हातात नसलं की आमच्या घरातल्या पुरुषाला करमत नाही. निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात मी सांगाडा आणून अंगणात टाकला. “आता हे घोडं कुठे बांधणार?” असं कुमुद, माझी बायको, म्हणाली होती.

पण ती गाडी तिच्यासाठीच होती. कुमुदचं माहेर धार. आईवडील केव्हाच गेले, भाऊ नव्हता. माहेर म्हणून उरली होती एकटी ताई, तिची थोरली बहीण. ताई अंथरुणाला खिळली होती. कान गेले होते, डोळे जवळजवळ गेले होते, त्यामुळे फोनवर बोलणं शक्य नव्हतं. आणि ताईला हवं होतं ते फोनवरून देता येण्यासारखं नव्हतंच. त्यांच्या घरात एक जुनी पोथी होती, पिढ्यान्‌पिढ्या वाचलेली. ती कुमुदने जवळ बसून, कानाशी तोंड नेऊन मोठ्याने वाचायची, असं दोघी बहिणींचं चाललं होतं. घरात दुसरं कोण वाचणार? ताईचा मुलगा सतीश कुक्षीला नोकरीला, आठवड्याने घरी यायचा. सून ज्योती मायेची, पण तिची सगळी शाळा हिंदीतली. पोथी हातात घेतली की ‘ळ’पाशी अडखळायची आणि ताई चिडून म्हणायची, “राहू दे गं बाई, देवाला सुद्धा कळायचं नाही.” अकरा अध्याय झाले होते, सात राहिले होते.

त्या वर्षी संक्रांतीनंतर धारच्या बसमधून उतरताना कुमुदचा पाय पायरीवरून निसटला. गुडघा आधीच दुखरा, त्यात हे. डॉक्टरांनी बस बंद म्हणून सांगितलं. मी तिथल्या तिथे, दवाखान्याच्या बाकावर बसून जाहीर केलं, “बसची कटकटच नको. अक्षय्य तृतीयेच्या आत तुला आपल्या गाडीतून धारला नेतो.” कुमुद हसली होती. दुखऱ्या पायावर हात ठेवून हसलेली ती मला अजून दिसते.

गाडी पळायला लागली फाल्गुनात. अडचण आली ती चैत्रात, आणि ती एकाच गोष्टीची होती. उष्णतेची.

थंडीत शहाण्यासारखी वागणारी ती पेटी ऊन वाढलं तशी तापायला लागली. सेलांच्या मधे मी तापमापकाची वायर सोडली होती आणि तिचा छोटा आकडेवाला डबा हँडलपाशी बांधला होता. बाहेर बेचाळीस असलं की दहा किलोमीटरमध्ये तो आकडा साठीकडे सरके. सेल बनवणारे म्हणतात साठपर्यंत चालतं. पण मी माझी रेघ पंचेचाळीसवर मारली. कुणी सांगितलं होतं पंचेचाळीस? कुणीच नाही. चाळीस वर्षं मी जळक्या तारेचा वास घेत जगलो आहे. मोटर जळण्याआधी काय काय सहन करते ते मला तिच्या वेटोळ्यांवरून कळतं. आणि इथे त्या पेटीवर, बरोबर त्या पेटीच्या वर, कुमुद बसणार होती. मला भीती वाटत होती. तेव्हा ते मी भीती म्हणून कबूल केलं नाही, ‘टेस्टिंग’ म्हणालो.

मग सुरू झाले आमचे थंडाईचे प्रयोग. सगळ्या गल्लीला महिनाभर फुकटची करमणूक.

पहिला प्रयोग कूलरचाच. पेटीच्या पुढे वाळ्याची ताटी बांधली, आणि तिच्यावर थेंब थेंब पाणी पडावं म्हणून औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणली. बाटली टपाला उलटी टांगली. समोरच्या घरातले गृहस्थ म्हणाले, “क्यों भिया, गाड़ी भर्ती है क्या?” वारा वाळ्यातून आत शिरायचा तोवर आकडा खाली राही. पण गरम वाऱ्याची लू सुटली की बाटली अर्ध्या तासात रिकामी होई आणि ताटी कडकडीत वाळे. गाडीपेक्षा पाणीच जास्त वाहावं लागलं असतं.

दुसरा मातीचा. माठातलं पाणी थंड राहतं तर सेल का राहू नयेत? मी कुंभारवाड्यात जाऊन पाटीसारखे चपटे, आतून पोकळ माठ घडवून घेतले. कुंभार म्हातारा होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, हात न थांबवता. मग म्हणाला, “बना दूँगा भिया, पन माटी साँस लेती है, झटका नी झेलती.” त्याने खरंच सुंदर वस्तू बनवल्या. सेलांच्या रांगांमध्ये त्या बसवल्या तेव्हा पेटीला घाम फुटला आणि आकडा एकोणचाळीसवर येऊन बसला. मी कुमुदला हाक मारमारून बाहेर बोलावलं. दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या फाटकावरून गेलो आणि पेटीतून खळ्‌कन आवाज आला. पाणी तारांवर गेलं नाही हे नशीब.

मग तुपाचा. वितळताना वस्तू उष्णता पिते, हे शाळेतलं ज्ञान. आधी मेणबत्त्यांचं मेण ओतून पाहिलं, पण मेण पंचावन्नच्या आत वितळायलाच तयार नाही. म्हणून वनस्पती तूप. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत भरून, तोंडं इस्त्रीने चिकटवून, ती पाकिटं मी सेलांमध्ये सरकवली. कुमुदने कंबरेवर हात ठेवून सगळं पाहिलं आणि म्हणाली, “खाली तूप, वर मी. समिधा तेवढ्या घ्या बरोबर, वाटेत होमच करून टाकू.” पण ते चाललं, खरंच चाललं! पहाटे गोठलेलं तूप तास-दीड तास उष्णता पीत राही आणि आकडा चाळिसावर अडून बसे. एकदा सगळं वितळलं की मात्र तो भराभर चढायचा, आणि गल्लीत लग्नघर असल्यासारखा वास सुटायचा.

तेव्हा कुमुद एक गोष्ट म्हणाली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ती चिंचा सोलत होती. “अहो, वितळलं ते पुन्हा गोठायला वेळ लागणारच. एखाद्या झाडाखाली थांबू की थोडं. आपल्याला काय घाई आहे? चार वेळा थांबू, पाच वेळा थांबू.”

मी म्हणालो, “थांबायचं? ही काय बैलगाडी आहे?”

तिने चिंचेवरची नजर वर केली नाही. मीही पुन्हा गाडीखाली सरकलो.

ज्योतीचा फोन एक दिवसाआड यायचा. तिच्या मराठीत हिंदी आणि हिंदीत मराठी असं मिसळलेलं असतं, ऐकायला गोड. “मावशी, आई रोज पूछती है, गाडी कहाँ तक आई?” ताईला ‘गाडी बनवताहेत’ हे नीट कळलं नव्हतं. तिच्या समजुतीप्रमाणे गाडी निघालेली होती. मला गंमत वाटली. मी पलीकडून ओरडून सांगितलं, “सांग त्यांना, क्षिप्रा ओलांडली म्हणावं!” पुढच्या खेपेला मी मांगलियाला पोचवली. आठवड्याने इंदूर आलं. ज्योती ताईच्या कानाशी ओरडून ते ते गाव सांगायची, आणि ताई म्हणे मान हलवायची, खूश होऊन पडून राहायची. बेटमा आलं त्या दिवशी तिने ज्योतीला मांडूची चिंच आणून ठेवायला सांगितली. धारच्या बाजारात त्या गोरखचिंचेची मोठाली फळं मिळतात. कुमुदला लहानपणापासून ती आवडते.

कुमुद माझ्या या थट्टेवर आधी हसायची, मग नुसतं ऐकायला लागली. एकदा म्हणाली, “टॅक्सीने जाऊन येऊ या का एकदा?” मी म्हणालो, “आठ दिवस थांब. इतकं केलं, आता पहिली खेप आपल्याच गाडीतून.” तिने हट्ट धरला नाही. माझी हौस तिने आयुष्यात कधी मोडली नाही. त्या वेळी मोडायला हवी होती, असं मी पुष्कळदा म्हणतो, आणि मग लाज वाटते, कारण त्यात सुद्धा मी दोष तिच्यावरच ढकलत असतो.

गाडीत तिला मी बसूही दिलं नव्हतं. टेस्टिंग पुरं होईस्तोवर नाही. पण मागे वजन तर हवं, म्हणून तिच्या जागी गव्हाचं पोतं ठेवायचो, सुतळीने बाकाला बांधून. दुपारी फेरी मारून आलो की ती दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी असे. “फिरवून आणलंत माझ्या सवतीला?” असं विचारी. शेजारणी हसत. मी पोत्याला हात लावून पाहायचो, खालून किती गरम झालं आहे ते.

शेवटचा प्रयोग वाळूचा, आणि तो मला सगळ्यात खात्रीचा वाटला होता. माठाखाली आपण वाळू ठेवतो. ती कायम गार, कायम ओली. मग पेटीच्या चारी बाजूंनी ओली वाळू का ठासू नये? मी बाहेरून दुसरी मोठी पेटी बनवली, मधल्या पोकळीत चाळलेली वाळू भरली आणि पाणी सोडलं. गल्लीत चार फेऱ्या, आकडा एक्केचाळीस. टपाला चुना फासून पांढरं केलं, आकडा चाळीस. मी इतका खूश झालो की भर दुपारी, पोतं बांधून, सोनकच्छच्या रस्त्याला लागलो. जाताना सगळं ठीक होतं. परतताना लू समोरून होती. आकडा बावन्न झाला, मग अठ्ठावन्न. थांबलो, तरी उतरेना. रस्त्याच्या कडेला पेटी उघडली आणि वाळूत बोट घातलं तर चटका बसला.

घरी आल्यावर कुमुदला सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, “अहो, कोरड्या गरम वाळूत चणे भाजतात. टेकडीखालचा भडभुंजा दुसरं काय करतो? माठाखालची वाळू माठ झिरपतो म्हणून ओली असते. तुमच्या पेटीला कोण झिरपणार?”

आयुष्यभर ज्याच्याकडून चणे घेतले त्या भडभुंज्याची आठवण मला एकदाही झाली नव्हती. मला राग आला, स्वतःचाच, पण दाखवला तिच्यावर. “तुला सगळं आधी कळतं तर आधी का नाही सांगितलंस?” सांगितलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

अक्षय्य तृतीया होऊन गेली. ज्योतीचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, “घाटाबिल्लोदला आहे गाडी. आता काय, आलीच.” त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मी वाळू उपसत होतो. फोन आत वाजला. कुमुदने उचलला. बराच वेळ तिचा आवाज आला नाही म्हणून मी आत गेलो. ती भिंतीला टेकून उभी होती आणि फोनमधून ज्योतीचं रडणं मला उंबऱ्यापर्यंत ऐकू येत होतं.

आम्ही टॅक्सीने गेलो. दोन तासांच्या आत पोचलो. इतकं जवळ होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि टॅक्सीत गारेगार हवा. क्षिप्रा गेली, मांगलिया गेलं, बेटमा गेलं. घाटाबिल्लोदची पाटी आली तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं. कुमुदने पदर अंगाभोवती घेतला आणि पुढच्या जाळीकडे बोट दाखवून ड्रायव्हरला म्हणाली, “भैया, ये बंद कर दो. ठंड लग रही है.”

ताईच्या उशाशी पोथी होती, बाराव्या अध्यायाच्या पानावर दोरा घातलेली. शेजारी मांडूच्या चिंचेचं फळ. ते फोडलेलं नव्हतं.

तेराव्यानंतर मी एकटाच परतलो. कुमुद म्हणाली, “सध्या इथेच राहते. ज्योतीला शाळेत शिकवायला जावं लागतं, घराला माणूस हवं.” कारण खरं होतं. भांडण झालं नाही, एक शब्दही वाकडा बोलला गेला नाही. ती दिवाळीला आली, फराळाचे डबे भरून ठेवून भाऊबीजेनंतर गेली. आमचं रोज संध्याकाळी फोनवर बोलणं होतं. जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. तिकडे ऊन कसं आहे. मग दोघांपैकी कुणीतरी “बरं, ठेवू का?” म्हणतं. मी तीन-चारदा बसने जाऊन आलो. जावयासारखा पाटावर बसलो, पाहुण्यासारखं जेवलो, परत आलो. मुलगा पुण्याहून सांगतो, बाबा, ती गाडी भंगारात द्या, धोक्याची आहे. खरं तर त्यातला धोका मी कधीच मोजून कागदावर मांडला आहे. घरातला हा जो गप्पपणा आहे, तो कशाने मोजतात?

एकटं राहिल्यावर घराचे आवाज वेगळे येतात. माठातलं पाणी झिरपून खालच्या वाळूत पडतं तो आवाज मी गेल्या वर्षभरात पहिल्यांदा ऐकला. दोन माणसांच्या घरात तो कधीच ऐकू आला नव्हता. पूर्वी माठ रोज रिकामा व्हायचा, आता तीन दिवस पुरतो.

तर या वर्षी वाळ्याचा वास आला, मी खिडकी लावली, आणि काचेतून गाडीकडे पाहत उभा राहिलो. किती वेळ ते आठवत नाही. मग बाहेर गेलो आणि पेटी उघडली. वाळूची बाहेरची पेटी काढून टाकली. खापऱ्या काढल्या, तुपाची पाकिटं काढली, नळी काढली. सगळी हुशारी काढून टाकल्यावर गाडी बरीच हलकी झाली. टपाला फक्त नवा चुना दिला आणि पेटीवर एक ओलं पोतं टाकलं. सेल आठ दिवस तपासले. कुणाला काही सांगितलं नाही.

उजाडता उजाडता निघालो. गव्हाचं पोतं बांधलं नाही या वेळी, मागचं बाक रिकामं ठेवलं. हमरस्ता टाळून जमेल तिथे गावांतल्या रस्त्यांनी गेलो, पंचवीसच्या वेगाने. गहू निघून गेलेल्या शेतांत नुसते खुंट उभे होते. आकड्याच्या डब्यावर नजर ठेवली आणि ठरवलं, पंचेचाळीस झाले की थांबायचं. बस, एवढाच प्रयोग.

क्षिप्रेला पहिला थांबा, नदीकाठच्या चहाच्या टपरीवर. पुढे कडुलिंबाखाली, मग एका देवळाच्या सावलीत. मधे एका ढाब्यावर तीन तास गाडी चार्जिंगला लावली आणि खाटेवर पडून राहिलो. बेटम्याच्या अलीकडे चिंचेखाली थांबलो असताना बकऱ्या घेऊन चाललेला एक म्हातारा गाडीभोवती फिरला. “कई हुयो दाजी, तपी गी कई?”

“हाँ, गरम हो गई.”

“तो सुस्तावा दो. ढोर बी सुस्तावे हे, या तो मशीन हे.” त्याने आपल्या किटलीतलं थोडं पाणी माझ्या पोत्यावर ओतलं आणि बकऱ्यांमागे निघून गेला. मी त्या झाडाखाली आकडा चाळीस होईपर्यंत बसलो, आणि नंतरही थोडा बसून राहिलो. कारण तिथे मला पहिल्यांदा मोकळं रडता आलं. घरी एकट्याने रडायचीही चोरी वाटते, भिंती तिच्या आहेत.

घाटाबिल्लोदला आकडा त्रेचाळीस होता. थांबायची गरज नव्हती, तरी थांबलो. गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. वर्षभरापूर्वी मी ताईला सांगितलं होतं की गाडी इथवर आली आहे. ती आज आली होती.

धारला पोचलो तेव्हा तळ्यावरून वारा सुटला होता आणि घरोघर दिवे लागत होते. माळव्यातलं ऊन कितीही निर्दय असलं तरी संध्याकाळी माणसाची माफी मागितल्यासारखा तो गार वारा येतो. गाडीचा आवाज होत नाही, म्हणून मी दारात जाऊन उभा राहीपर्यंत कुणाला कळलं नाही. ज्योतीने आतून पाहिलं आणि ओरडली, “मावशी! काका आले! गाडी आली!”

कुमुद बाहेर आली. मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. मग आत गेली आणि भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. लांबून आलेल्या माणसावरून तुकडा ओवाळून टाकायचा, त्याच्या पायांवर पाणी घालायचं, ही त्यांच्या घरची रीत. तिने माझ्यावरून ओवाळला, तुकडा दूर टाकला. पायांवर पाणी घातलं. पाणी गार होतं.

“किती वाजता निघालात?”

“उजाडताना.”

“किती वेळा थांबलात?”

“अकरा वेळा.”

ती तांब्याकडे पाहत राहिली. “म्हणजे थांबत थांबत येता आलं असतं.”

वर्षभर मी या वाक्याची वाट पाहत होतो, आणि त्याची उत्तरंही मी तयार ठेवली होती. सेल नवे नव्हते, लू होती, तुझ्याखाली पेटी होती, मला तुझ्या जिवाची भीती वाटत होती. सगळी खरी होती.

“हो,” मी म्हणालो. “येता आलं असतं.”

तांब्यातलं उरलेलं पाणी तिने पेटीवरच्या पोत्यावर ओतलं. वाफ आली नाही, नुसता ओल्या तागाचा वास आला. मग भिंतीचा आधार घेत, दुखरा गुडघा सांभाळत ती गाडीत चढली आणि मागच्या बाकावर बसली, जिथे मी महिनाभर गव्हाचं पोतं फिरवलं होतं. तिला तिथे बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. आकडा पंचेचाळीसच्या तीन वर होता, पण या वेळी मी तिला उतर म्हणालो नाही.

तिने तळहात बाकावर टेकवला, आपल्या बाजूला, पेटीच्या बरोबर वर. भाकरीचा तवा तापला का ते पाहताना टेकवते तसा, आधी जरा अंतरावरून आणि मग पुरता. बराच वेळ तो तिथेच ठेवला.

“एवढंच?” तिने विचारलं.

“एवढंच,” मी म्हणालो.